दोन पोस्टकार्डांची भेग

जानेवारीत, सकाळी सात वाजता, नाशिकच्या गोविंदनगरमधल्या एका गच्चीवर मी दोन पोस्टकार्डं एकावर एक धरून कोब्याच्या भेगेत सरकवली. अलगद आत गेली. भेगेशेजारी खडूने खूण केली, तारीख आणि वेळ लिहिली. दुपारी अडीचला पुन्हा त्याच खुणेपाशी बसले, तर एक कार्डसुद्धा शिरेना. घरमालक काका कठड्याशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "ताई, आमचं घर गळतं आषाढात. तुम्ही पौषात काय मोजताय?"

काकांचा प्रश्न मला गेली पंचवीस-तीस वर्षं कुणी ना कुणी विचारत आलं आहे. तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेतली, दोन वर्षं एका ठेकेदाराकडे नवीन बांधकामावर काढली आणि मग दुरुस्तीच्या कामात पडले ती पडलेच. गच्च्या, कठडे, बाहेरचे गिलावे, पत्र्याची छपरं, पावसाच्या पाण्याचे पाइप, पश्चिमेची दारं-खिडक्या. घराच्या बाहेरच्या अंगाचं जे काही उन्हापावसात उभं असतं, ते माझं काम. मृगाचा पहिला पाऊस झाला की फोन सुरू होतात आणि सगळ्यांची तक्रार पावसाबद्दल असते. पाऊस मात्र आधीच पडलेली वाट शोधून आत येतो. ती वाट उन्हाने पाडलेली असते, आधीचे आठ महिने, रोज थोडी थोडी.

काकांना मी हिशेब करून दाखवला. काँक्रीट तापमानाच्या एका अंशाला लांबीच्या दहा लाखांत साधारण दहा भाग वाढतं. त्यांची गच्ची बारा मीटर लांब. थंडीतल्या पहाटे कोब्याचा पृष्ठभाग आठ-दहा अंशांवर असतो आणि त्याच दिवशी दुपारी उन्हात पस्तीस-चाळीसवर जातो. तीस अंशांचा फरक धरला तरी साडेतीन मिलिमीटर होतात. वैशाखात कोबा साठीला टेकतो. म्हणजे पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत ती गच्ची सहा मिलिमीटर लांबते आणि आखडते. चारही बाजूंनी कठड्यांत जखडलेली असते ती. मग कठड्याच्या बुडाशी फट पडते, कोब्यात जिथे माल कच्चा राहिला तिथे केस-भेगा येतात, आणि विटांच्या भिंतीवर स्लॅब टेकवलेल्या जुन्या घरांत वरच्या मजल्यावर, छताच्या थोडं खाली, भिंतीला आडवी चीर जाते. सिडकोतल्या घरांत ही आडवी चीर मी इतक्या वेळा पाहिली आहे की आत शिरताना नजर आपोआप तिकडे जाते. लोक घाबरून विचारतात, पाया खचला का? पाया बहुतेकदा जागेवर असतो. स्लॅब उन्हाने सरकलेला असतो.

यातून एक गोष्ट मला फार उशिरा कळली: भेग कधी भरायची. आमच्याकडे सगळी दुरुस्ती मे महिन्यात चालते, कारण पाऊस तोंडावर आलेला असतो. मे महिन्यातल्या दुपारी भेग मिटलेली असते. तिच्यात भरणी शिरते ती सुताएवढी, आणि थंडीत भेग उघडली की त्या सुताला दुप्पट-तिप्पट ताणावं लागतं. वैशाखातल्या दुपारी भरलेली भेग पौषातल्या पहाटे फाटते, आणि घरमालकाला ते कळतं पुढच्या पावसाळ्यात. थंडीत, सकाळी, भेग उघडी असताना भरली तर भरणी उन्हाळ्यात फक्त दाबली जाते. दाबून घेणं तिला सोसतं, ताणून घेणं तितकं सोसत नाही.

नुसती भरूनही भागत नाही. छिन्नीने किंवा कटरने भेगेवर बोटभर रुंद खाच घ्यायची, ब्रशने धूळ काढायची, तळाला चिकटपट्टी टाकायची म्हणजे भरणी तळाला धरणार नाही, आणि मग खोली रुंदीच्या निम्मी ठेवून लवचीक भरणी भरायची. ती दोन्ही कडांनाच चिकटली पाहिजे. तळालाही चिकटली तर तीन बाजूंनी ओढली जाते आणि मधोमध तुटते. सिमेंटच्या पाण्याने भेग सारवणं मी पहिल्या काही वर्षांतच सोडलं. सिमेंट हलत नाही, आणि हलणाऱ्या जागी न हलणारी गोष्ट भरली की शेजारी नवी भेग येते.

नाशिकला लोक थंड हवेचं गाव म्हणतात. रात्री थंड असतात हे खरं, आणि त्यातच आमच्या कामाची अडचण आहे. निफाडच्या बाजूला थंडीत पारा इतका उतरतो की द्राक्षबागायतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडते, मालेगावला तर त्याहून वर. पाऊस पाहावा तर इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे आणि येवला-नांदगावच्या पट्ट्यात त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. शहर मधे कुठेतरी. पण ऑक्टोबर ते मे जवळपास कोरडे जातात. फाल्गुनापासून दुपारची हवा अशी होते की कठड्यावर टाकलेलं ओलं फडकं अर्ध्या तासात कडक होतं. ते आठ महिने माझ्या दृष्टीने वाळवंटच असतं. दुरुस्तीला आधी वाळवंटात टिकायचं असतं आणि मग चार महिने पाण्याखाली. एकच लेप दोन्हीकडे पुरवायचा, तर तो नुसता "वॉटरप्रूफ" असून चालत नाही.

माझं आजोळ नांदगाव तालुक्यातलं. घर धाब्याचं होतं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सर, त्यांवर लाकडी तुकड्यांचं किलचान, त्यावर मातीचे थर आणि सगळ्यात वर खारी माती. अक्षय्यतृतीया झाली की आजी मामांच्या मागे लागायची: "खारी आणली का?" बैलगाडीतून माती यायची, मामा ती धाब्यावर पसरायचे, पाणी शिंपडून चोपायचे, पन्हाळीपर्यंत उतार हाताने नीट करायचे. उन्हाळ्यात धाब्याला भेगा पडायच्या. पहिल्या पावसात माती फुगायची आणि भेगा मिटायच्या. आजीने कधी त्याला "गळतं घर" म्हटलं नाही. दरवर्षी भाकरीचा तवा घासावा तसं धाबं बघायचं काम होतं ते. काँक्रीटच्या घरात आलो तेव्हा लोकांना वाटलं की हे काम आता संपलं, आणि दहा-दहा वर्षं गच्चीवर कुणी चढेनासं झालं. पन्हाळीच्या जाळीत पिंपळाचं रोप हातभर वाढलेलं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

आता माझ्या हातून झालेलं एक काम सांगते. १९९८चा मे महिना. इंदिरानगरमधल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंची गच्ची. स्वतंत्रपणे घेतलेलं माझं तिसरं की चौथं काम. आदल्या संध्याकाळी आम्ही गच्ची घासून धुतली. सकाळी वरून कोरडी ठणठणीत दिसली. साहित्य पोचायला उशीर झाला, त्यामुळे लेप लावायला सुरुवात झाली अकराला आणि संपला दोनला. चार दिवसांत गच्चीवर फोड आले. आधी लिंबाएवढे, मग ताटलीएवढे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बाईंच्या देवघरात पाणी उतरलं. त्या मला रागावल्या नाहीत. देव उचलून त्यांनी कपाटावर ठेवले आणि मला चहा दिला. तो चहा मला गिळता येईना.

काय चुकलं ते नंतर समजलं. वरून कोरडा दिसणारा विटांचा कोबा आत चार-पाच इंच स्पंजासारखा ओला असतो. ऊन चढत असताना त्यावर लेपाचं झाकण घातलं की आतल्या पाण्याची वाफ होते, हवाही फुगते, आणि बाहेर यायला जागा नसल्याने ती लेपालाच उचलते. तेव्हापासून दोन नियम मी मोडलेले नाहीत. लेपाआधी गच्चीवर मीटरभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून एक रात्र आणि एक दुपार ठेवायचा. काढताना खाली दव दिसलं तर थांबायचं, घरमालक कितीही घाई करो. आणि लेप ऊन उतरताना लावायचा, चढताना कधीच नाही. दुपारी चारनंतर कोबा निवू लागतो, आतली हवा आखडते आणि लेपाला छिद्रांत ओढून घेते. त्याच डब्यातला तोच लेप सकाळी अकराला फोड आणतो आणि संध्याकाळी पाचला धरून बसतो.

बाईंची गच्ची मी दिवाळीनंतर सगळी खरवडून पुन्हा केली. पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता. त्या कामाला पहिल्यांदा आमचे मिस्तरी माझ्याबरोबर आले आणि पुढची बावीस वर्षं राहिले. ते मूळचे लासलगावकडचे, कांद्याच्या शेतात वाढलेले. मी त्यांना मामा म्हणायचे. नवा कोबा झाल्यावर मी म्हटलं, दिवसातून तीनदा पाणी मारू. मामांनी मान हलवली. मालाचे वरंबे घालून त्यांनी अख्ख्या गच्चीचे कांद्यासारखे वाफे पाडले आणि पाइप लावून ते भरले. "ताई, मारलेलं पाणी सूर्य पितो," ते म्हणाले, "भरलेलं पाणी कोबा पितो."

सिमेंट वाळून घट्ट होतं असं बहुतेकांना वाटतं. सिमेंट पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं, आणि पाणी मधेच उडालं तर ती क्रिया तिथेच थांबते. वरची अर्धा इंच जाडी कच्ची राहते, तिची भुकटी होते, ती भुकटी पुढच्या लेपाला धरू देत नाही. आय.एस. ४५६ या आपल्या काँक्रीटच्या संहितेत, २०००च्या आवृत्तीत, साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलावा सांगितला आहे. हवा उष्ण आणि कोरडी असेल तर दहा दिवस. सिमेंटमध्ये राख वगैरे मिसळलेली असेल तर चौदापर्यंत न्या, असंही म्हटलं आहे. आज दुकानात मिळणारं बरंचसं सिमेंट असं राखमिश्रितच असतं. वीज केंद्रात कोळसा जळून उरते ती ही राख. आमच्या नाशिककरांना ती एकलहऱ्याच्या वीज केंद्रामुळे ओळखीची आहे. असं सिमेंट चांगलं असतं, पुढे जाऊन जास्त घट्टही होतं, पण त्याला वेळ लागतो. आणि कामावर पाणी मारतात तीन दिवस. चौथ्या दिवशी बिगारी दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

पाणी नसेल तिथे काय करायचं हे मनमाडच्या एका कामाने शिकवलं. तिथे नळाला कधी पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायचं. वाफे भरायची गोष्टच काढता येईना. आम्ही गच्चीवरच्या गिलाव्यावर ओलं गोणपाट टाकलं, त्यावर प्लास्टिक अंथरलं, कडा विटांनी दाबल्या. सकाळी आणि संध्याकाळी प्लास्टिक उचलून एकेक बादली, पुरे. घरातल्या वहिनींनी आपणहून भाजी धुतलेलं पाणी बाजूला ठेवायला सुरुवात केली. साबणाचं मात्र नको म्हणून मी सांगितलं होतं. चौदा दिवस त्यांनी ते निभावलं. तो गिलावा आजही थापीच्या दांड्याने ठोकला तर खणखणीत वाजतो.

मामांचा भाचा सहा वर्षं दुबईला काँक्रीटच्या कामावर होता. तो परत आल्यावर आमच्या कामाचं वेळापत्रक बदललं. तिकडे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे. मोठं काँक्रीट ते रात्री ओततात, पाण्यात बर्फ घालतात. त्याने सांगितल्यावर मला स्वतःची लाज वाटली. खऱ्या वाळवंटात माणसाला आणि मालाला दोघांनाही दुपारी सावलीत ठेवतात, आणि आम्ही मे महिन्यात भर दोनला बिगाऱ्याच्या डोक्यावर घमेलं देत होतो. त्या वर्षापासून मार्च ते जून आमचं काम सहा ते अकरा आणि चार ते सात. दुपारी झाडाखाली झोपायचं. मजुरी पूर्ण दिवसाची. बर्फ आम्हाला परवडत नाही, पण गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मालाला वापरायचं नाही हा नियम केला. हात पोळेल असं ते पाणी असतं आणि माल घमेल्यातच आवळतो. बिगारी वरून आणखी पाणी घालून तो सैल करतो आणि तिथेच काम बिघडतं. आता पाण्याचं पिंप सावलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं. विटा आदल्या रात्री भिजवलेल्या. माल एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढाच.

प्लास्टिकचं शिक्षण मला दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदार दादांकडून मिळालं. त्यांच्या बंगल्याचे पांढरे पाइप दर दोन-तीन वर्षांनी सांध्यात फुटायचे. बागेतल्या ठिबकच्या काळ्या नळ्या मात्र कित्येक वर्षं तशाच. त्यांनी मला बांधावर नेऊन दाखवलं. नळीतला काळा रंग म्हणजे काजळी, ती सूर्याचे अतिनील किरण शोषते म्हणून नळी जगते. शेडनेट घेतानाही शेतकरी आधी विचारतो, यूव्हीचं आहे का? घर बांधणारा पाइपबद्दल हे कधी विचारत नाही. दादांच्या पाइपांना दोन रोग होते. एक, ऊन खाऊन ते ठिसूळ झाले होते. दुसरा, क्लँपमध्ये घट्ट आवळले होते. तीन मीटरचा पीव्हीसी पाइप चाळीस अंशांच्या फरकात सहा-सात मिलिमीटर लांबतो, म्हणजे काँक्रीटच्या पाच-सहा पट. त्याला सरकायला जागा नसेल तर तो वाकतो आणि सांधा उघडतो. आम्ही एक क्लँप घट्ट ठेवला, बाकीचे ढिले केले, सांध्यात बोटभर मोकळी जागा सोडली आणि पाइपांना बाहेरून रंग दिला. रंग दिसण्यासाठी नव्हता, उन्हापासून आडोसा म्हणून होता.

अंबड-सातपूरच्या शेड्समध्ये हेच दुखणं पत्र्याला असतं. पत्रा उन्हात ताणतो, रात्री आखडतो आणि स्क्रूभोवतीचं भोक रोज थोडं मोठं होतं. डांबरी वायसर दोन-तीन उन्हाळ्यांत वाळून तडकतो. चांगल्या रबराचा वायसर घ्यावा, भोक थोडं सैल पाडावं, आणि स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारावा, पन्हळात कधीही नाही. इतकं केलं तर काम होतं. याहून जास्त सांगण्यासारखं पत्र्यात नाही.

जुन्या नाशकातल्या एका वाड्याने मात्र मला बरेच दिवस थांबवून ठेवलं. सराफ बाजाराच्या मागच्या बोळात, दोन चौकांचा, काळ्या दगडाच्या जोत्यावर विटा आणि चुना. पश्चिमेच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा काही ठिकाणी सुटला होता म्हणून मालकांनी सगळ्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. तिसऱ्या उन्हाळ्यात तो पाटासारखा सुटून बोळात पडला. सुदैवाने रात्री. त्याच्या पाठीला जुन्या चुन्याचा थर चिकटलेला होता. टणक सिमेंट उन्हाने ताणलं, मागच्या मऊ चुन्याला ओढत राहिलं, आणि भिंतीतली ओल बाहेर यायची वाट बंद झाल्यामुळे चुना आतून भुसभुशीत झाला. मऊ भिंतीला तिच्याहून टणक काही लावू नये, हे मला पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं.

आम्ही चुना विरवून महिनाभर पाण्याखाली ठेवला, विटांची सुरखी चाळून घेतली, गुळाच्या पाण्यात माल मळला. सुरखी हातात घेऊन मामा किती बारीक झाली ते बघत राहायचे, जणू पीठ चाळताहेत. एकावेळी पातळ थर, वर ओलं गोणपाट, भिंतीपुढे बांबूला बांधलेली जुनी शेडनेट. चुन्याला ऊन लागू द्यायचं नसतं, हवा लागू द्यायची असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा दगड होतो, सावकाश. केस-भेग पडलीच तर पावसाचं पाणी थोडा चुना विरघळवतं आणि तोच भेगेत जाऊन बसतो. आजीच्या धाब्यावरची खारी माती आणि हा चुना मला एकाच जातीचे वाटले. दोघेही हलतात, थोडे मोडतात आणि पाण्याने पुन्हा जुळतात. त्या भिंतीला आता बारा उन्हाळे झाले आहेत. दर फाल्गुनात मी बोळातून जाऊन तिच्यावर हात फिरवून येते.

मामा करोनाच्या वर्षी गावाकडे गेले, मग गुडघ्यांमुळे परत आले नाहीत. वाफे पाडायचं काम आता त्यांचा भाचा करतो.

गोविंदनगरच्या काकांची भेग आम्ही त्याच आठवड्यात सकाळी सातला भरली, थंडीने बोटं आखडलेली असताना. कठड्याच्या बुडाशी सगळीकडून गोल वाटा, म्हणजे मालाची गोलाई, काढला, पन्हाळीची तोंडं मोठी केली, आणि मार्चमध्ये ऊन उतरताना वरून पांढरा लेप दिला म्हणजे कोबा कमी तापेल. काकू सांगत होत्या, वरच्या खोलीत दुपारी बसवतं आता. खडूची खूण पुसली जाऊ नये म्हणून काकांनी ती स्वतः रंगाने पक्की केली. पहिला पाऊस होऊन गेल्यावर त्यांचा फोन आला नाही.

सध्या पंचवटीत एक घर बघितलं आहे. २०२७च्या सिंहस्थासाठी मालकांना वरच्या मजल्यावर यात्रेकरूंच्या खोल्या करायच्या आहेत आणि गच्चीची दुरुस्ती मे महिन्यातच हवी आहे. मी त्यांना दिवाळीनंतरची तारीख दिली आहे, आणि मधल्या पावसाळ्यापुरतं तात्पुरतं काय करता येईल तेही लिहून दिलं आहे. ते म्हणाले, विचार करून सांगतो. त्यांच्या गच्चीवर मी भेगेशेजारी खडूने खूण करून, तारीख आणि वेळ लिहून आले आहे.